पेट्रोल नेमकं कुठे सोडायचं?

माझ्या काकांचं इचलकरंजीत मोटरसायकलचं गॅरेज आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्सचा नियम लागू झाला आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळपास गायबच झाला. काकांची अख्खी हयात कार्बोरेटरवर गेलेली. स्क्रू अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर, कान इंजिनाकडे, आणि मग "हां, आता लागली." पहिली एफआय गाडी गॅरेजात आली तेव्हा ती काही केल्या सुरू होईना. काका तिच्यासमोर उकिडवे बसले होते. मला म्हणाले, "एवढा इंजिनिअर झालास न्हवं? मग सांग बघू, हे पेट्रोल नेमकं सोडतंय कुठं?"

मी बोट दाखवलं. थ्रॉटलच्या पुढे, व्हॉल्व्हच्या अगदी तोंडाशी.

"तिथंच का?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी हिंजवडीत कोड लिहितो, आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांसारखा. इंजेक्टर कसा चालतो हे परीक्षेत लिहिलं होतं, तो अमुक जागीच का, हे कुणी विचारलं नव्हतं. उत्तर शोधताना मी भलतीकडेच जाऊन पोचलो. अमेरिकेत काही माणसं स्वतःच्या गॅरेजमध्ये विमान बांधतात आणि त्यात माझदा कारचं रोटरी इंजिन बसवतात. काकांच्या गाडीत इंजेक्टरची जागा हा मायलेजचा आणि धुराचा प्रश्न होता. ह्या माणसांनी तोच इंजेक्टर आठ हजार फुटांवर नेला, आणि प्रश्न बदलला.

आधी एक घोळ निस्तरू. विमानांच्या इतिहासात 'रोटरी' नावाची दोन वेगळी इंजिनं आहेत, आणि वाचताना मी पहिले दोन दिवस ह्यातच गोंधळलो.

पहिलं फ्रान्समधलं. लॉरां आणि लुई सेग्विन ह्या भावांचं नोम इंजिन, १९०८-०९ सालचं, सात सिलेंडरांचं, ५० हॉर्सपॉवरचं. ह्यात क्रँकशाफ्ट विमानाला पक्का जोडलेला असायचा आणि सगळे सिलेंडर पंख्यासकट त्याच्याभोवती गरगर फिरायचे. फिरत्या सिलेंडरला पेट्रोलची नळी जोडणार कशी? म्हणून पेट्रोल आणि हवा पोकळ क्रँकशाफ्टमधून थेट इंजिनाच्या पोटात जायची, आणि तिथून पिस्टनच्या डोक्यातल्या एका झडपेतून सिलेंडरमध्ये. पोटात पेट्रोलच पेट्रोल, म्हणजे साधं तेल धुऊन निघणार. म्हणून पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारं एरंडेल वापरायचे. ते जळून-उडून वैमानिकाच्या नाकातोंडात जायचं, आणि त्याचे पोटावर काय परिणाम व्हायचे हे आपल्या आज्ज्यांना वेगळं सांगायला नको.

गंमत झडपेची आहे. ती उघडी अडकली तर सिलेंडरमधली ज्वाला खाली उतरणार, आणि खाली पोटभर पेट्रोलची वाफ. १९१३ मध्ये आलेल्या 'मोनोसुपाप' इंजिनात त्यांनी ती झडपच काढून टाकली. पोटात इतकं गडद मिश्रण सोडायचं की ते पेटूच शकणार नाही. पिस्टन तळाला आला की सिलेंडरच्या बुडाशी असलेली छिद्रं उघडणार आणि ते मिश्रण आत शिरणार. पेटायला लागणारी हवा वरच्या एकुलत्या एक झडपेतून आधीच आत आलेली. म्हणजे तेव्हाच, इंधन हवेला कुठे भेटतं ही जागा बदलून एक धोका टाळला गेला होता.

दुसरं रोटरी म्हणजे फेलिक्स वांकेलचं, आणि ही गोष्ट त्याची आहे. जर्मनीत एनएसयू कंपनीत १ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचं पहिलं इंजिन चाललं. पिस्टन नाही, झडपा नाहीत. कंबरेत जरा आवळलेल्या लंबगोल डब्यात एक फुगीर त्रिकोण फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि डब्याची भिंत ह्यांच्यामध्ये तीन पोकळ्या तयार होतात. त्या फिरत फिरत लहानमोठ्या होतात: हवा ओढणं, दाबणं, जळणं, बाहेर टाकणं. त्रिकोणाच्या टोकांना सील असतात आणि सगळं दुखणं ह्या सीलमध्ये. हिरोशिमाच्या माझदात केनिची यामामोतोंच्या हाताखाली ४७ इंजिनिअर ह्याच दुखण्याच्या मागे लागले होते. डब्याच्या भिंतीवर सील थरथरून ओरखडे उठायचे, त्यांना ते 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणायचे. १९६७ मध्ये त्यांची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. १९७८ मध्ये आरएक्स-७ आली. एनएसयूने पुढे हात टेकले, माझदाने नाही.

विमानवाल्यांची नजर ह्या इंजिनावर त्याआधीच पडली होती. अमेरिकेच्या कर्टिस-राइटने १९५८ मध्येच एनएसयूकडून परवाना घेतला होता. त्यांनी इंजेक्टरच्या जागेचा जो विचार केला तो मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. पिस्टनच्या इंजिनात सगळं एकाच जागी घडतं. रोटरीत जळण्याची जागा भिंतीवर ठरलेली असते आणि हवा तिच्यासमोरून वाहत जाते, सरकत्या पट्ट्यासारखी. मग इंधन बाहेर हवेत मिसळायचंच कशाला? कंबरेच्या त्या अरुंद जागेपाशी, थेट आत, दोन नोझल बसवायचे. एक छोटा, स्पार्क प्लगच्या जोडीला, दिवटी पेटवण्यापुरता. दुसरा मोठा. मोठ्याचा फवारा छोट्याच्या ज्वाळेवर पेटणार. असं इंजिन पेट्रोल, डिझेल, जेट इंधन, काहीही पचवू शकतं. १९८४ मध्ये हे काम जॉन डिअरकडे गेलं. होय, ट्रॅक्टरवाले जॉन डिअर. नासाच्या मदतीने छोट्या विमानांसाठी ते पुढे नेण्याचे प्रयत्न झाले. १९९१ मध्ये ते पुन्हा विकलं गेलं. सामान्य माणसाच्या विमानात ते काही रुळलं नाही.

सामान्य माणसाने मग भंगारबाजार गाठला.

अमेरिकेत घरी विमान बांधणं हा रीतसर मान्यता असलेला छंद आहे. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नींनी मिलवॉकीत ह्या हौशी लोकांची संघटना काढली. १९७० पासून त्यांचा मेळा दर उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला भरतो. नियम असा की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असावं. प्रमाणित इंजिन आणि त्याला मान्य असलेला पंखा लावला तर चाचणीची उड्डाणं साधारण २५ तासांची, भलतंच इंजिन लावलं तर ४० तासांची. (आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं विमान २०१६ मध्ये बीकेसीतल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. आपल्या इथे हा छंद माणसाकडून किती वर्षं मागतो हे त्यांना विचारावं.)

प्रमाणित इंजिन म्हणजे बहुतेक वेळा लायकमिंग. १९५० च्या दशकातला आराखडा, बुडाशी लटकणारा कार्बोरेटर, दोन मॅग्नेटो. भरवशाचं, पण किंमत ऐकून मध्यमवर्गीय हौशी गार. त्यापुढे आरएक्स-७ मधलं १३बी इंजिन मोडीत निघालेल्या कारमधून मिळायचं. दोन रोटर, १३०८ सीसी, फिरणारे मुख्य भाग तीनच: दोन रोटर आणि एक शाफ्ट. प्रत्येक रोटरला मुळातच दोन स्पार्क प्लग, त्यामुळे विमानाला हवं असलेलं दुहेरी इग्निशन आयतंच. आणि मुख्य म्हणजे हे इंजिन मरतं हळूहळू. पिस्टनच्या इंजिनात कनेक्टिंग रॉड तुटला की खेळ तिथेच खलास. रोटरीचं एखादं सील गेलं तर ताकद घटते, पण पंखा बहुधा फिरत राहतो. खाली शेतं, जंगल किंवा तळं असताना ह्या 'बहुधा'ची किंमत वेगळी असते.

आता इंजेक्टर. माझदाच्या पेट्रोल इंजेक्शनवाल्या १३बी मध्ये १९८४ साली दोनच इंजेक्टर होते, मोठे. १९८६ च्या आरएक्स-७ मध्ये चार झाले. दोन 'प्रायमरी', दोन रोटरांच्या मधल्या लोखंडी भागात, हवेच्या दाराला चिकटून. दोन 'सेकंडरी', मागे मॅनिफोल्डच्या नळ्यांमध्ये, दारापासून लांब. २००३ च्या आरएक्स-८ च्या ताकदवान मॉडेलमध्ये हा आकडा सहावर गेला.

चार कशाला? हा हिशेब मी स्वतः करून पाहिला. पूर्ण ताकदीला, ६००० आरपीएम आणि १६० हॉर्सपॉवर धरली, तर १३बी ताशी ५० लिटरच्या आसपास पेट्रोल पिणार. नुसतं गुरगुरत उभं असताना अडीच लिटर धरू. वीसपट फरक. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी तोटी, आणि ती उघडायलाच जवळपास १ मिलिसेकंद खाते. मिनिटाला ४६० सीसी सोडणारे दोन इंजेक्टर पूर्ण ताकदीला जेमतेम पुरतात, कारण दोघांचे मिळून ताशी ५५ लिटर होतात, म्हणजे तोटी जवळजवळ कायम उघडी. चार लावले तर वर प्रश्न मिटला, पण खाली हजार आरपीएमला चारही एकदम चालवले तर प्रत्येकाच्या वाट्याला फेऱ्यामागे दीड मिलिसेकंदही येत नाही. त्यातला एक नुसता उघडण्यात गेला. इतक्या कमी वेळात मापात पेट्रोल सोडणं म्हणजे बादलीने चहात दूध घालणं. म्हणून खाली दोनच चालवायचे, आणि इंजिनावर भार चढला की उरलेल्या दोघांना हाक मारायची. ह्याला 'स्टेजिंग' म्हणतात. माझ्या भाषेत, एक इफ-एल्स.

जागा अशा का, तेही ओघाने कळलं. दाराजवळचा इंजेक्टर चटकन ऐकतो. पेट्रोल भिंतीला फार चिकटत नाही, थंड इंजिन लवकर सुरू होतं. लांबच्या इंजेक्टरचं पेट्रोल नळीतून येता येता हवेत मिसळतं, त्याची वाफ होते, वाफ होताना हवा गार होते, आणि गार हवा दाट असल्याने आत जास्त मावते. म्हणजे सौम्यपणा हवा तर जवळ, ताकद हवी तर लांब. कारसाठी चोख मांडणी. काकांच्या "तिथंच का"चं अर्धं उत्तर मला इथे मिळालं.

पण कार आणि विमान इंजिन वेगवेगळं वापरतात. कारमध्ये सेकंडरी इंजेक्टर लागतात ते ओव्हरटेक करताना, काही सेकंद. विमान तासन्‌तास साठ-सत्तर टक्के ताकदीवर चालतं. म्हणजे इफ-एल्सची ती रेघ अगदी वापराच्या पट्ट्यात येते. आणि सगळ्यात वाईट जागी: उतरताना. थ्रॉटल ओढून तुम्ही रेघेखाली आलात, सेकंडरी बंद झाले. धावपट्टीवर हरीण दिसलं, किंवा वेग चुकला, पुन्हा वर जायचं ठरवलं. थ्रॉटल पूर्ण पुढे. रेघ ओलांडली, सेकंडरी उघडले. पण ते लांब आहेत. नळीच्या भिंती एव्हाना कोरड्या पडल्यात. पहिलं पेट्रोल त्या ओल्या करण्यात जातं. क्षणभर इंजिनाला हवा पूर्ण आणि पेट्रोल अपुरं मिळतं, आणि ते अडखळतं. रस्त्यावर हा गचका तुम्हाला जाणवलाही नसता. तीनशे फुटांवर, नाक वर, वेग कमी, तेव्हा तो क्षण फार मोठा असतो.

ह्यावर हौशींनी जे जे करता येतं ते केलं. रेघ खाली, निष्क्रिय वेगाच्या थोडीच वर आणली, म्हणजे हवेत असताना चारही इंजेक्टर चालूच राहावेत. वर जाताना एक रेघ आणि खाली येताना दुसरी, म्हणजे काठावर उघडझाप होऊ नये. सर्व्हरचं ऑटोस्केलिंग लिहिणारा कुणीही हे ओळखेल. रेघ ओलांडताना पेट्रोलचा एक जादा घोट देणं, हेही आलं. काहींनी मॅनिफोल्डच स्वतः वेल्ड करून सेकंडरी जवळ आणले.

मॅनिफोल्ड तसाही बहुतेकांना स्वतःच करावा लागायचा, कारण मूळचा विमानाच्या नाकात मावत नाही. आणि तिथे आणखी एक अडचण दबा धरून बसलेली. १३बी मध्ये हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी दारं इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. वर इंजेक्टर आणि पेट्रोलची नळी, खाली एक्झॉस्ट. आणि रोटरीचा एक्झॉस्ट म्हणजे भट्टी, नऊशे अंश सेल्सिअसच्या घरात. कारचं बॉनेट ऐसपैस असतं, विमानाचं काउलिंग हवा कापण्यासाठी आवळलेलं. पेट्रोलच्या जोडातून एक थेंब गळला तर तो कुठे पडणार, हे सांगायला डिग्री लागत नाही. मग कुणी मधे पत्रा घातला, कुणी नळ्यांवर आगरोधक वेष्टण चढवलं.

उष्णतेचा दुसरा त्रास बंद इंजिनाला. प्रायमरी इंजेक्टर गरम लोखंडात रुतलेले. उतरलात, तेल-पाणी केलं, वीस मिनिटांनी पुन्हा इंजिन लावलं, तर इंजेक्टरमधल्या पेट्रोलची वाफ झालेली. पंपावरचं साधं पेट्रोल विमानाच्या पेट्रोलपेक्षा लवकर उकळतं, उंचीवर तर आणखी लवकर. उपाय म्हणजे पेट्रोल सतत टाकीकडे परत फिरवत ठेवणं आणि इंजिन लावण्याआधी पंप थोडा वेळ चालवणं. मग कुणी म्हणेल, इंजेक्टर सरळ लांब, गार जागी, थ्रॉटलच्याही मागे नेला तर? तिथे पेट्रोलची वाफ होताना थ्रॉटलची पट्टी गार पडते, हवेतली वाफ तिच्यावर गोठू शकते, आणि जो बर्फ टाळायला कार्बोरेटर सोडला तो दुसऱ्या दाराने घरात.

थोडक्यात, निर्दोष जागा कुठेच नव्हती. जो तो आपल्याला कुठलं संकट परवडतं ते बघून जागा ठरवत होता.

इथवर मी हे सगळं मजेत वाचत होतो. मग दुहेरीपणाचा विषय आला आणि मी सावरून बसलो. ह्या लोकांचा एक आवडता युक्तिवाद होता: चार इंजेक्टर, दोन वेगळ्या जागी, म्हणजे दोन स्वतंत्र व्यवस्था. एक जोडी गेली तर दुसरीवर घरी येऊ. कागदावर बरोबर. पण दोन्ही जोड्यांना पेट्रोल एकाच नळीतून येत असेल तर? दोघांची वीज एकाच फ्यूजमधून येत असेल तर? आणि प्रायमरी बंद पडले हे कॉम्प्युटरला कळलंच नाही, तर तो सेकंडरीला त्यांच्या वाट्याचंच पेट्रोल देत राहणार, म्हणजे इंजिनाला निम्मंच. ते अशानेही थांबतं. म्हणून स्विच असा हवा की जोडी बंद करताना दुसरीचा वेळ त्याच क्षणी वाढला पाहिजे. आणि दुसरी जोडी एकटीने तेवढं पेट्रोल देऊ शकेल एवढी मोठी हवी. म्हणजे फिरून इंजेक्टरचा आकार, फिरून तो बादलीने चहात दूध घालण्याचा प्रश्न.

आमच्या ऑफिसात पैसे पाठवण्याच्या एका सेवेचे दोन सर्व्हर होते. एक पडला तर दुसरा उभा राहणार. ती मांडणी मी लिहिली होती, आकृतीही मीच काढली होती, दोन सुंदर चौकोन. एका रात्री दोन वाजता दोन्ही एकदम पडले, कारण दोघेही एकच सर्टिफिकेट वाचत होते आणि त्याची मुदत संपली होती. मी ते नवीन टाकलं, सेवा चालू केली, चहा प्यायलो. सकाळच्या मीटिंगमध्ये एक स्लाइड केली. एवढंच. गॅरेजात विमान बांधणाऱ्या त्या माणसांना ही सोय नव्हती. त्यांचे दोन चौकोन एकाच तारेवर होते की नाही, हे त्यांना जमिनीवर, तार हातात धरून, एकेक जोडी बंद करून, पूर्ण ताकदीवर इंजिन चालवून बघावं लागायचं. चाळीस तासांची ती चाचणी शिक्षा वाटते, पण मला आता तीही कमीच वाटते.

आरएक्स-८ २०१२ मध्ये बंद झाली. हौशींचा भंगारबाजार आटत चाललाय. पण माझदाने २०२३ मध्ये एका हायब्रिड गाडीसाठी पुन्हा रोटरी काढलं. एकच रोटर, ८३० सीसी. इंजेक्टर ना दाराशी, ना नळीत. थेट आत, पोकळीत. कर्टिस-राइटवाले ज्या भिंतीला भोक पाडत होते, तिकडेच गाडी परत आली.

गेल्या दिवाळीत त्या इंजिनाचा फोटो मी काकांना दाखवला. त्यांनी मोबाइल जवळ घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला. आता ते एफआय गाड्या सफाईने दुरुस्त करतात, स्कॅनरसुद्धा घेतलाय. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "बरं, आत बसवला. मग चोक झाला तर काढायचा कुठनं?"